गो-कार्टचा पुढचा ॲक्सल जुळवता येईल असा करायचाय, डिझाइनवर मतं हवीत

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

भाऊ आणि मी मिळून घरच्या शेडमध्ये गो-कार्ट बांधतोय. चॅसी झाली आहे. ३२ मिमी बाहेरचा व्यास, २ मिमी जाडीचा सीमलेस पाइप. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०५०, दोन किंगपिनमधलं (पुढची चाकं ज्या उभ्या पिनांभोवती वळतात त्या) अंतर ८००. मागे ४० मिमीचा सरळ ॲक्सल, डिफरेन्शियल नाही. इंजिन जुन्या बाइकचं १२५ सीसी. पुढे १० x ४.५०-५ आणि मागे ११ x ७.१०-५ टायर.

पुढचे सी-ब्रॅकेट (किंगपिन वर-खाली धरणारे, सी आकाराचे) सध्या नुसते टॅक मारून, म्हणजे ठिपक्यापुरतं वेल्ड करून, उभे आहेत. ड्रॉइंगमध्ये कॅस्टर (किंगपिनचा मागचा कल) १२ अंश, किंगपिनचा आतला कल १० अंश आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य धरलाय. पक्कं वेल्डिंग करणार तेवढ्यात मित्र म्हणाला, एकदा वेल्ड मारलास की पुढचं सगळं सेटिंग ग्राइंडरनेच करावं लागेल. म्हणून आता विचार बदललाय. कॅस्टर, कॅम्बर, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर), राइड हाइट (चॅसीची जमिनीपासूनची उंची) आणि पुढच्या चाकांची रुंदी, सगळंच जुळवता यावं असं करायचंय.

डोक्यात तीन पर्याय आहेत. ब्रॅकेटच्या वरच्या पट्टीत लांबट भोक पाडून बोल्ट सरकवायचा. किंवा वरच्या बाजूला रॉड एंड (आट्यांची दांडी, टोकाला गोळ्याचा सांधा) लावायचा, म्हणजे तो आत-बाहेर फिरवून कल बदलता येईल. किंवा तयार कार्टना असतात तसे भोक मध्यापासून सरकवलेले बुश (पट्टीच्या भोकात बसणाऱ्या जाड नळ्या) बसवायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीचा लेथवाला आहे, त्यामुळे टर्निंगची चिंता नाही. बजेटची आहे.

काय करू?

स्पार्कप्लग

वाखु (वाचनखूण) साठवली. फोटो टाका की राव! फोटोशिवाय वेल्डिंगचा धागा म्हणजे मिठाशिवाय कट.

झणझणीत

कार्टला एवढा थाट कशाला भावा? सस्पेन्शन नाही, काही नाही. १२ अंशाला फिक्स कर, टो साठी टायरॉड (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी) ठेव आणि पळव. आमच्या कॉलेजच्या टीमनं तसंच केलेलं, पोरं लई पळवायची.

लेथवरचे_काका

झणझणीत यांच्याशी अर्धा सहमत. फिक्स ब्रॅकेट वाईट नसतो. पण तो फिक्स करायला जिग (वेल्ड करताना भाग जागेवर धरणारा साचा) लागतं, आणि घरच्या शेडमध्ये बहुधा तेच नसतं. पाइपवर सी-ब्रॅकेट टॅक केला तेव्हा गोनिया बरोबर होता, पूर्ण वेल्ड मारल्यावर एका बाजूला ओढला गेला, हे प्रत्येक फॅब्रिकेटरला माहीत आहे. डावीकडे १२ आणि उजवीकडे साडेदहा अंश आले की गाडी एका हाताला ओढते, आणि मग लोक टायरॉडशी खेळत बसतात.

तेव्हा धागाकर्त्यांनी आधी हे ठरवावं की जुळवणी कशासाठी हवी. ट्रॅकवर दर फेरीनंतर सेटिंग बदलायचं आहे, की वेल्डिंगमध्ये राहिलेला फरक काढून दोन्ही बाजू सारख्या करायच्या आहेत? पहिल्या कार्टला नव्वद टक्के वेळा दुसरंच काम असतं. आणि एक लक्षात ठेवा. जिथे जुळवणी तिथे एक जास्तीचा सांधा, आणि जिथे सांधा तिथे आज ना उद्या प्ले, म्हणजे ढिलेपणा. पाच गोष्टी जुळवता येणारा ॲक्सल ऐकायला छान वाटतो. सहा महिन्यांनी चाक हाताने हलवून बघा म्हणजे कळेल.

तीन पर्यायांबद्दल माझं मत.

लांबट भोक नको. बोल्टच्या आवळणीने तयार होणाऱ्या घर्षणावरच तो टिकतो. रंग चढवलेल्या पट्टीवर आवळलात तर रंग दबतो, आवळणी सैल होते आणि कर्बवर एक आपटला की कॅम्बर कुठल्या कुठे.

रॉड एंड तर त्याहून नको. रॉड एंडची दांडी ओढायला आणि दाबायला केलेली असते, वाकवायला नाही. किंगपिनच्या वरच्या टोकाला लावलात तर प्रत्येक वळणावर दांडीच्या आट्यांच्या मुळाशी वाक येणार, आणि आटा म्हणजे आयती खाच. तिथूनच तुटतो.

बुश करा. पण त्यात एक गोम आहे, ती संध्याकाळी लिहितो.

अपेक्स

काकांना +१. मी पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये आहे, कार्टिंग हौस म्हणून. काका येईपर्यंत कॅस्टरबद्दल थोडं लिहितो, कारण मोटारगाडीतला कॅस्टर आणि कार्टमधला कॅस्टर यांची कामं वेगळी आहेत.

कार्टला मागे डिफरेन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, पण वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं. ते जमिनीला चिकटून राहिलं तर गाडी सरळ ढकलत राहते. म्हणून आतलं मागचं चाक उचललं जावं लागतं. सस्पेन्शन नसताना ते उचलतं कोण? पुढचा ॲक्सल. किंगपिन मागे कललेला असल्यामुळे स्टीअरिंग वळवलं की आतल्या बाजूचं चाक चॅसीच्या मानाने खाली जातं आणि बाहेरचं वर. म्हणजे आतला पुढचा कोपरा उचलला जातो, वजन तिरकं बाहेरच्या मागच्या चाकावर जातं आणि आतलं मागचं हलकं होतं. चॅसीचा पाइप पिळला जाणं हाही त्याच खेळाचा भाग. चौकोनी पाइपच्या अवजड चॅसीत हे सगळं बिघडतं. तुम्ही गोल पाइप घेतलात ते उत्तम.

कॅस्टर वाढवला की हे उचलणं वाढतं, पण स्टीअरिंग जड होतं. १२ अंशाला तुमच्या १२७ मिमी त्रिज्येच्या टायरवर जमिनीजवळचा मागचा पल्ला (किंगपिनची रेघ जमिनीला जिथे लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंत) साधारण २७ मिमी येतो. तो हाताला जाणवतो. म्हणून एकच गोष्ट जुळवता येणार असेल तर ती कॅस्टर असावी. किंगपिनचा आतला कल कायमचा ठेवा, त्याला हात लावू नका.

झणझणीत

बरं, मग आमच्या टीमची गाडी प्रत्येक वळणावर का बाहेर जायची ते आज कळालं. आम्ही ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. :)

लेथवरचे_काका

आलो. तर ती गोम अशी.

समजा तुमच्या सी-ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या पट्टीमधलं अंतर ६० मिमी आहे. वरच्या बुशचं भोक मध्यापासून २ मिमी सरकवलेलं असेल आणि तुम्ही ते मागच्या बाजूला फिरवलंत, तर किंगपिन साधारण १.९ अंश मागे कलला. खालचाही तसाच बुश उलट दिशेला फिरवला तर ३.८ अंश मिळाले. हे झालं गणित. आता बोल्ट कलला, पण बुशचं भोक तर सरळच आहे ना? १२ मिमी जाडीच्या बुशमध्ये १.९ अंशाला बोल्ट ०.४ मिमी तिरका जातो. १० च्या भोकात १० चा बोल्ट असा बसतच नाही. आणि तो बसावा म्हणून भोक सैल केलंत की पहिल्या दिवसापासूनच प्ले.

यावर दोन उपाय. एक म्हणजे बुशमध्ये गोलाकार बेअरिंग बसवायचं. जीई १० नावाने बाजारात मिळतं, आतून १० आणि बाहेरून १९ मिमी. त्यासाठी बुशचा बाहेरचा व्यास २८ ठेवा, म्हणजे २ मिमी सरकवूनही बारीक बाजूला अडीच मिमी भिंत उरते. दुसरा उपाय स्वस्त. बुशचं भोकच तिरकं पाडायचं. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरून, पाठीमागे पॅकिंग देऊन पाडता येतं. मात्र मग वरचा आणि खालचा बुश जोडीनेच करायचा, जोडीवर नंबर मारायचा आणि जोडी फोडायची नाही. शून्य, एक आणि दोन मिमी अशा तीन जोड्या प्रत्येक बाजूला. पण तिरक्या भोकाचा बुश एकाच दिशेला बसतो. फिरवून थोडा कॅस्टर, थोडा कॅम्बर असा खेळ त्यात नाही.

दोन्हीत एक गोष्ट समान. वरच्या आणि खालच्या पट्टीची भोकं एकाच सेटिंगमध्ये बोअर करा. आधी पट्ट्या ड्रिल करून मग वेल्ड केल्या तर एक भोक उत्तरेला आणि एक दक्षिणेला.

चाकोरीबाहेर

काका, दंडवत! हे मला कुठल्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं. जीई १० चाच पर्याय घेतो, चार नग फार महाग नाहीत.

दोन प्रश्न. वरचा आणि खालचा दोन्ही बुश फिरवायची गरज आहे का, नुसता वरचा चालणार नाही? आणि स्टब ॲक्सलला (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) कुठलं पोलाद, ईएन ८ घेऊ की ईएन २४? लेथवाल्याकडे ईएन २४ चा तुकडा पडलाय, फुकट देतो म्हणतोय.

अपेक्स

नुसता वरचा फिरवला तर किंगपिनचा मध्य, म्हणजे चाक, २ मिमीच्या निम्म्याने पुढे-मागे सरकतं. फार नाही, पण टायरॉडची लांबी तीच असल्याने टो बदलतो. दोन्ही उलट दिशेला फिरवले तर किंगपिन मध्याभोवती कलतो आणि चाक जागेवर राहतं. म्हणून दोन्ही. तरीही कॅस्टर बदलल्यावर टो पुन्हा बघायचाच.

क्रम लक्षात असू द्या. आधी राइड हाइट, मग कॅस्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर रात्र जाते.

लेथवरचे_काका

फुकटचा ईएन २४ वेल्ड करणार असाल तर महागात पडेल. ईएन ८ मध्ये ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, ईएन २४ मध्ये तेवढाच आणि वर निकेल-क्रोम. थंड जॉबवर साधा रॉड मारून वेल्ड केला की वेल्डशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. आधी नीट गरम करून, कोरडा ७०१८ रॉड वापरून, नंतर हळू थंड करून वेल्ड होतो. पण उद्यमनगरातल्या घाईत तेवढं कोण करतंय? त्यापेक्षा नकल (किंगपिनभोवती वळणारा, स्टब धरणारा भाग) एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा करा, त्यात बोअर करा, ईएन २४ चा स्टब प्रेसने घट्ट बसवा आणि आतून खांदा व मागून नट द्या. वेल्ड नाहीच.

स्टबचा व्यास किती धरलाय?

चाकोरीबाहेर

१७ मिमी, कारण हबमध्ये ६००३ बेअरिंग आहेत.

अपेक्स

१७ चालतो. कार्ट आणि चालक मिळून १६० किलो धरले तर पुढच्या एका चाकावर उभ्याने ३५ किलोच्या आसपास येतात. कर्बवर आपटलं की त्याच्या तिप्पट धरू, म्हणजे हजारेक न्यूटन. चाकाचा मध्य स्टबच्या मुळापासून ७० मिमी असेल तर मुळाशी ताण साधारण १४५ मेगापास्कल. ईएन २४ ला हे काहीच नाही. वळणावरचा आडवा जोर बाहेरच्या चाकावर उलट्या दिशेने वाकवतो, त्यामुळे तिथे उभा आणि आडवा एकमेकांना थोडे खाऊन टाकतात. खरी भीती शेजारचा कार्ट चाकात घुसण्याची. तेव्हा ही बेरीज-वजाबाकी कामाला येत नाही.

हब बदलता आला तर २० करा. वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, १७ चे २० केले की ६३ टक्के जास्त. वजनात फरक नगण्य.

लेथवरचे_काका

व्यासापेक्षा कोपरा बघा. लेथवाला १७ चं टर्निंग टोकदार टूलने थेट खांद्यापर्यंत नेईल आणि तिथे काटकोनात बारीक रेघ सोडेल. नख फिरवलंत तर अडकतं. तडा नेमका त्याच रेघेतून सुरू होतो, आणि तो दिसत नाही, कारण त्यावर स्पेसर बसलेला असतो. दीड मिमी रेडियस मागा, टूलचं टोक घासून घ्यायला लावा आणि शेवटी एमरी पेपर मारा. स्पेसरच्या आतल्या कडेलाही तेवढीच चॅम्फर द्या, नाहीतर तो रेडियसवर चढतो.

आणि किंगपिनचा बोल्ट डोकं वर, नट खाली. नट पडला तरी बोल्ट जागेवर राहतो. बोल्टचा गुळगुळीत भाग दोन्ही बेअरिंगमध्ये यायला हवा, आटे आत नकोत. नायलॉक नट एकदा काढला की फेकून द्या.

वाटसरू_विलायती

मी हौशी, प्रत्यक्ष वेल्डिंग शून्य. पण अवांतर: १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बांधली तेव्हा गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलं होतं. तो रेसिंग कार बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्टमध्ये कामाला होता. थोडक्यात, पहिली कार्टही शेडमध्येच जन्मली. आणि ज्याच्या नावाने आपण स्टीअरिंगची भूमिती ओळखतो त्या ॲकरमनने ती शोधलेली नाही. म्युनिकचा गाड्या बनवणारा लँकेन्स्पर्गर याची ती कल्पना, १८१७ ची. ॲकरमन त्याचा इंग्लंडमधला एजंट, पेटंट त्याच्या नावावर निघालं १८१८ मध्ये.

झणझणीत

म्हणजे एजंट तेव्हापासूनच आहेत तर.

चाकोरीबाहेर

:D

ॲकरमनचाच प्रश्न होता. स्टीअरिंग आर्म (नकलवरच्या, टायरॉड जोडायच्या पट्ट्या) मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे रोखायचे एवढं माहीत आहे. माझ्या मापात तो कोन २१ अंशांच्या जवळ येतोय. बरोबर?

अपेक्स

बरोबर. ४०० भागिले १०५०, त्याचा कोन २०.९. तुमच्या मापांना आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं साधारण २२ अंशांवर असायला हवं. आर्म किंगपिनच्या मागे ठेवलेत तर ते आत कलतात आणि जागा पुरते. पुढे ठेवलेत तर बाहेर कलतात आणि रिमला लागतात.

हेही जुळवता येणारं हवं असेल तर सांधा वाढवू नका. स्टीअरिंग कॉलमच्या खालच्या पट्टीवर टायरॉडसाठी आत-बाहेर दोन भोकांच्या जोड्या पाडा, पुरे झालं. टायरॉडला एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे, मधे षटकोनी भाग पान्यासाठी, दोन्हीकडे चेक नट.

त्यात एक सावधगिरी. एम ८ चा पिच सव्वा मिमी. दोन्ही टोकं एकदम फिरतात म्हणून एका फेऱ्यात लांबी अडीच मिमी बदलते. आर्म १०० मिमी असेल तर टायरच्या कडेला टो ६ मिमीपेक्षा जास्त हलतो! म्हणून पाव फेरा, मग माप, मग पुन्हा पाव फेरा. पाव फेऱ्याला दीड मिमी. दोन्ही बाजूंना सारखेच फेरे, नाहीतर स्टीअरिंग वाकडं बसतं. आणि रॉड एंडच्या बोल्टवर गोळ्याच्या घराच्या व्यासापेक्षा मोठा वायसर घाला. आतला गोळा निसटला तरी टायरॉड सुटून पडणार नाही.

स्पार्कप्लग

माप कशाने घ्यायचं पण? लेझर वगैरे घ्यायचा तर कार्टपेक्षा तोच महाग.

लेथवरचे_काका

दोरी आणि व्हर्निअर. मागच्या ॲक्सलला काटकोनात, दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणा, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. कॅम्बरला ओळंबा. पाच इंची रिमवर वर-खाली २.२ मिमी फरक म्हणजे एक अंश.

चालक सीटवर बसवूनच मोजा. वजन आलं की चॅसी मधे दबते आणि दोन्ही चाकांचे माथे आत झुकतात. रिकाम्या गाडीवर कॅम्बर शून्य केलात तर पळताना तो उणे असतो.

सगळं जुळलं की बुशच्या कडेवर आणि पट्टीवर एकच छिन्नीची रेघ मारा. तेच तुमचं शून्य. ती रेघ नसेल तर जुळवता येणारा ॲक्सल म्हणजे नुसता हलणारा ॲक्सल.

चाकोरीबाहेर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी. ॲक्सल झाला. जीई १० चे बुश, २० मिमीचा स्टब (हब बदलले), नकलमध्ये गनमेटल बुश आणि ग्रीस निपल. राइड हाइटला किंगपिनवर वर-खाली वायसर, एकूण जाडी कायम. रुंदीला ५ मिमीचे स्पेसर.

काकांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. पूर्ण वेल्डनंतर डावा ब्रॅकेट ओढला गेला होता, कॅस्टरमध्ये अंशाहून जास्त फरक. बुश फिरवून दोन्ही बाजू बाराला आणल्या, रेघा मारल्या.

एका कारखान्याच्या मोकळ्या आवारात, परवानगी घेऊन, टायर रचून वळणं केली आणि पळवली. जोरातल्या वळणाला ठीक. हळू, घट्ट वळणाला मात्र पुढून सरळच जाते.

अपेक्स

आतलं मागचं चाक उचलतच नाहीये. चालक बसवा, मागच्या दोन्ही चाकांखाली घरातले वजनकाटे ठेवा, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. स्टीअरिंग पूर्ण वळवून आतल्या मागच्या चाकाचं वजन किती घटतं ते बघा. मग कॅस्टर १४ करून पुन्हा. तरीही कमी पडलं तर पुढे प्रत्येक बाजूला एक-एक स्पेसर वाढवा. किंगपिनपासून चाक लांब गेलं की तेवढ्याच वळवण्यात ते जास्त खाली-वर होतं.

एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

चाकोरीबाहेर

काट्यांची कल्पना भारी आहे. १२ ला आतल्या चाकाचं वजन घटत होतं पण बरंच शिल्लक राहत होतं. १४ ला जवळजवळ निघून गेलं. स्पेसरची गरजच पडली नाही. घट्ट वळणात आता नाक आत घेते, भाऊ खूश. स्टीअरिंग जड झालंय, आठ-दहा फेऱ्यांत मनगट बोलायला लागतं.

झणझणीत

मनगटाला दूध पाज. :) मोहित्यांच्या ट्रॅकवर कधी आणतोयस? हुपरी रोडला आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात तिथं. आम्ही बघायला येतो.

अपेक्स

आधी त्यांना विचारा, घरी बांधलेली कार्ट सरावाला तरी चालते का. अधिकृत स्पर्धेत मान्यताप्राप्त चॅसी लागते, तिथे ही चालणार नाही. जडपणासाठी १३ वर एकदा बघा, कदाचित तेवढ्यात भागेल. टो किती ठेवलाय?

चाकोरीबाहेर

बाहेरच्या बाजूला २ मिमी, दोन्ही चाकं मिळून.

अपेक्स

ठीक आहे. तो राहू दे.

स्पार्कप्लग

आता तरी बुशचं माप द्या. मलाही करायचाय.

चाकोरीबाहेर

घ्या. बाहेरचा व्यास २८, वर ३६ ची फ्लँज ३ मिमी जाड, खालचा भाग १२ मिमी. बेअरिंगचं १९ चं बोअर मध्यापासून २ मिमी सरकवलेलं, बेअरिंगमागे सर्क्लिप (अडवणारी स्प्रिंगची कडी). फ्लँजच्या कडेला ४५ अंशांवर आठ खाचा आणि पट्टीवर एक ४ मिमीची पिन, म्हणजे बुश आपोआप फिरत नाही. १३ आणि १४ च्या मधलं काही हवं असेल तर १ मिमीचे वेगळे बुश लागतात, ते आता करायला टाकलेत. टर्नरला बोअर आधी आणि बाहेरचा व्यास नंतर असं करू देऊ नका. आमच्याकडे चकमधून काढून उलटा धरल्यावर पहिला नग रद्दीत गेला. बाहेरचा व्यास आणि फ्लँज आधी, मग चार जबड्यांत डायल (सरकणं मोजणारा काटा) लावून २ मिमी सरकवायचं.

लेथवरचे_काका

डायलवर पूर्ण फेऱ्यात दोन्हीकडचे मिळून ४ दिसायला हवेत, २ नाही. टर्नरला तेवढं आठवणीने सांगा.